डाव्याची बाजू

मी डावा बोलतोय.

'बोलतोय' हा शब्द मी जपून वापरतो. मी एक ध्वनिक्षेपक आहे. बोलणे हाच माझा व्यवसाय. परंतु आजवर माझ्या तोंडून जे काही निघाले, ते सारे दुसऱ्यांचे होते. गायकांचे सूर, निवेदकांचे लांबलेले आभार, 'निळा सदरा घातलेला मुलगा मंचाजवळ रडत उभा आहे, पालकांनी त्याला घेऊन जावे' अशा सूचना. स्वतःचे असे मी काही बोललो नाही, कारण आमच्यासारख्या वस्तूने स्वतःचे काही बोलणे यालाच लोक बिघाड म्हणतात.

तुम्हाला एक शंका येईल. बोलणाऱ्या वस्तूला ऐकू कसे येते? माझ्या पोटात कागदाचा एक शंकू आहे. विजेने तो थरथरला की आवाज होतो. पण समोर कोणी बोलले तरी तो थरथरतोच, अगदी थोडा. म्हणजे ज्याने मी बोलतो, त्यानेच ऐकतो. माणसांमध्ये या दोन सोयी वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या आहेत, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात असा त्यांचा समज असावा.

माझा जन्म एका घरामागच्या लांबट खोलीत झाला. वर पत्रा, एका भिंतीला लाकूडकामाचे टेबल, दुसऱ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरींची वेटोळी. खोली मुळात ताईच्या वडिलांची. ते कपाटे बनवत. करवत आणि रंधा ताईने त्यांच्याकडूनच उचलला, पण कपाटांत तिचे मन रमले नाही. "कपाटात सामान आत जातं, बाबा," ती म्हणायची. "मला अशी पेटी करायचीय, जिच्यातून काहीतरी बाहेर येईल." बाबा तोंडातला खिळा न काढता हसत.

तिने मला आणि उजव्याला प्लायवूडच्या एकाच फळीतून कापले. आम्ही शेजारी शेजारी उभे असलो, की लाकडाच्या रेषा माझ्या अंगावरून निघून त्याच्या अंगावर जात. नंतर काळा रंग चढला आणि त्या दिसेनाशा झाल्या. आम्हा दोघांना मात्र त्या ठाऊक आहेत.

रंग वाळल्यावर ताईने ब्रशने आमच्या पाठीवर एकेक शब्द लिहिला. माझ्या पाठीवर 'डावा', त्याच्या पाठीवर 'उजवा'. तिचा धाकटा भाऊ नुकताच शाळेतून आला होता. त्याला घरात बारक्या म्हणत. आज तो या खोलीत शिरताना चौकट डोक्याला लागू नये म्हणून वाकतो, तरी नाव तेच आहे.

"डावा म्हणजे कुणाचा डावा गं?" त्याने विचारले.

"ऐकणाऱ्याचा. समोर बसून मंचाकडे बघितलंस की तुझ्या डाव्या हाताला येतो, तो."

"आणि गाणाऱ्याचा डावा?"

"त्याचं सगळं उलटं. म्हणून मंचावर चढलं की आधी पेटीची पाठ बघायची. नाव वाचायचं, मग हात लावायचा. आपल्या हाताच्या भरवशावर राहायचं नाही."

बारक्याने मान हलवली. त्या वयातील मान हलवण्यावर किती विसंबावे, याबद्दल माझे मत मी राखून ठेवतो.

भाषेने डाव्याला फारसे बरे वागवलेले नाही. एखाद्याला टाळले तर त्याला 'डावलले' म्हणतात. दुसरा सरस निघाला तर तो 'उजवा ठरला' म्हणतात. ताईला हे जाणवत असावे. आम्हा दोघांना ती एकाच फडक्याने, सारख्याच वेळा पुसायची आणि पुसता पुसता म्हणायची, "माझ्याकडे डावं-उजवं नाही हं." माझ्यातून इतकी गाणी गेली, त्यांतील कितीतरी प्रेमाची होती, पण माझा विश्वास होता तो या एका वाक्यावर.

आईवडील गेल्यावर ताईनेच बारक्याला वाढवले. त्याचे शिक्षण रखडत रखडत संपले, तेव्हा तिने त्याला मिक्सरसमोर बसवले. मिक्सर म्हणजे मंचापासून दूर, प्रेक्षकांच्या मधोमध मांडलेले ते खटक्यांचे टेबल, जिथून साऱ्यांचे आवाज कमीजास्त होतात. बारक्याचा कान विलक्षण निघाला. डोळे मिटून तो सांगे, "उजव्यात जरा धूळ बसलीय," आणि जाळी काढली की धूळ सापडे. ताईला त्याचा अभिमान वाटे. "हात माझे, कान त्याचा," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

शहराबाहेर तळ्याकाठच्या मैदानावर दर उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरतो. एक मोठा मंच, झाडीजवळ एक छोटा मंच, आणि दोन्हींवर उघडे आकाश. मोकळ्या मैदानात वाजणे आणि खोलीत वाजणे यांत फार अंतर आहे. खोलीत भिंती मदत करतात. तुमचा सूर धरून तुमच्याकडे परत पाठवतात. मैदानात गेलेला सूर गेलाच. त्याला लांबवर नेऊन सोडायचे, आणि परतीची अपेक्षा करायची नाही. ताईने आम्हाला नेमके यासाठी घडवले होते, खोल पोटाचे आणि जाड अंगाचे.

तिथे आमचा प्रवेश झाला तो दुसऱ्याच्या अडचणीतून. एका वर्षी महोत्सवाने भाड्याने आणलेल्या पेट्या उन्हाने तापून बंद पडल्या. गायिका मंचावर, प्रेक्षक गवतावर, आणि आवाज नाही. टेम्पो पाठवून आम्हाला बोलावण्यात आले. आम्ही दोघांनी मिळून ते मैदान भरले. कार्यक्रम संपल्यावर महोत्सवाच्या संयोजक बाई मंचावर चढल्या आणि सर्वांसमोर ताईचा हात धरून म्हणाल्या, "ताई, ही जोडी जोवर धड वाजतेय, तोवर मोठा मंच तुमचा. हा माझा शब्द."

ती घोषणा त्यांनी माइकवर केली. म्हणजे तो शब्द माझ्यातूनच बाहेर गेला. मी तो अगदी स्वच्छ उच्चारला होता.

त्यानंतरचे उन्हाळे मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, आणि सुखाचे लक्षण बहुधा हेच असते. म्हणून मी थेट गेल्या उन्हाळ्याकडे येतो.

महोत्सवाची तयारी ताई ऊन तापू लागले की सुरू करी. आम्हाला कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मध्यभागी आणले. जाळ्या उतरवल्या. सायकलच्या पंपाने कानाकोपऱ्यातील धूळ उडवली. शंकूची कडा लाकडाला धरून ठेवणारे स्क्रू एकेक करून आवळले. मग तिने आपला तळवा माझ्या शंकूवर ठेवला आणि अलगद आत दाबून सोडला. आत काही घासत असेल, तर अशा वेळी तळव्याला कळते. काही घासत नव्हते. "तब्येत छान आहे," ती म्हणाली.

त्या वर्षी तिने आणखी एक गोष्ट केली. मैदानावरची धूळ आणि दुपारचे ऊन आम्हाला बाधू नये, म्हणून पांढऱ्या जाड कापडाच्या दोन खोळी शिवल्या. पुढचा पदर वाजवताना वर गुंडाळता येई. पाठ आणि बाजू मात्र झाकलेल्या राहत. शिवणयंत्रावर वाकलेली ताई घामाघूम झाली होती. बारक्या दारातून म्हणाला, "अगं, पेट्या आहेत त्या. नवरदेव नाहीत."

"नवरदेवांपेक्षा बऱ्या. वाजवलं तरच बोलतात."

तो हसला. ते हसू अर्धवट राहिले, असे मला तेव्हाही वाटले होते.

दुसऱ्या दिवशी ताई रंग आणायला बाजारात गेली. बारक्या आत आला, माझ्यावर बसला आणि त्याने फोन लावला. माझ्यावर बसून बोलणाऱ्याचा शब्दन् शब्द लाकडातून माझ्यापर्यंत पोचतो. ऐकायचे नाही म्हटले तरी इलाज नाही.

"मॅडम, मला मान्य आहे हो. नवीन टांगत्या पेट्यांचा आवाज मीही ऐकलाय. त्या मिक्सरवर बसायला मिळणं म्हणजे..." तो थांबला. "हो, पुढचे सगळे दौरेही. माहीत आहे मला. पण तुम्ही ताईला शब्द दिलाय ना."

पलीकडून बराच वेळ बोलणे झाले.

"नाही, मी नाही सांगू शकत. तिच्या तोंडावर तर नाहीच. तुम्ही सांगितलंत तर ती काही म्हणणार नाही, पण महिनाभर माझ्याशी बोलणार नाही." मग आवाज खाली गेला. "जोडी धड वाजतेय तोवर, असंच म्हणाला होतात ना तुम्ही? पेट्या जुन्या झाल्यात. ऐन वेळी डावा फाटला, तर कुणाचाच शब्द मोडत नाही. बघतो मी."

'फाटणे' म्हणजे आमच्या धंद्यात आवाज चिरफाळणे, सुराच्या जागी फरफर निघणे. मी फाटलेलो नव्हतो. बारक्याने फोन खिशात टाकला आणि उठताना माझ्या कडेवर हात फिरवला. माणूस ज्याचा केसाने गळा कापणार असतो, त्याला आधी कुरवाळतो, हे मी गाण्यांतून पूर्वी ऐकले होते. अनुभव पहिलाच.

ताई रंगाचा डबा घेऊन परतली. मी तिच्यासमोर उभा होतो. सारे मला ठाऊक होते, आणि माझ्याकडून 'ब्र' निघत नव्हता.

निघायच्या सकाळी टेम्पोवाले मामा आले. हे दरवर्षीचे. आम्हाला चढवताना ताई दोन्ही हात पसरून उभी.

"ताई, सीटबेल्ट लावू का यांना?"

"लावा. आणि मामा, वाटेत तुमचा तो टेप वाजवू नका. माझ्या पोरांचे कान बिघडतील."

"माझा टेप तुमच्या बारक्यानेच दुरुस्त केलाय!"

"म्हणून तर म्हणतेय." 

बारक्या पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता. एरवी अशा थट्टेला तो कधी उत्तर दिल्याशिवाय राहत नसे.

मैदानावर सुतार मंचाच्या फळ्या ठोकत होते. वायरी गवतावरून ओढून त्यांवर रबरी पट्ट्या टाकल्या जात होत्या. खुर्च्यांचे ढीग उन्हात चमकत होते. मंचामागे ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवलेले होते. वाऱ्याने तिचे टोक उचलले तेव्हा ताईने पाहिले, मीही पाहिले. नव्या, सडपातळ, एकाखाली एक टांगायच्या पेट्या.

"या कुणाच्या रे?"

"असतील छोट्या मंचासाठी," बारक्या म्हणाला.

"एवढ्या?"

"मला काय माहीत, ताई. तू वायरी जोड ना."

ताईने खोळ उचलून माझी पाठ वाचली, मग माझी वायर जोडली. उजव्याची पाठ वाचली, त्याची जोडली. शंकूंच्या कडांचे स्क्रू तिने पुन्हा एकदा तपासले आणि खोळी खाली ओढल्या. सावली पडेपर्यंत सारेजण झाडीखाली विसाव्याला गेले.

तेव्हा बारक्या आला.

तो मिक्सरच्या बाजूने आला नाही. समोरून कोणी पाहिले असते म्हणून असेल, तो मंचाच्या मागच्या शिडीने वर चढला. हातात स्क्रूड्रायव्हर. मी वाट पाहत होतो. ताईला सावध करायला माझ्याजवळ काही साधन नव्हते, तेव्हा निदान जे व्हायचे ते माझ्या समक्ष होईल, एवढेच.

परंतु त्याची पावले माझ्याकडे आली नाहीत. क्षणभर थांबून तो दुसऱ्या टोकाला गेला. खोळीचा पदर सरकला. जाळी निघाल्याचा 'टक्' असा आवाज आला. मग स्क्रू फिरल्याची कुरकुर, एकामागून एक. सारे पूर्ववत करून तो आला तसा गेला.

हे असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बारक्याने सारे आयुष्य मिक्सरमागे बसून मंचाकडे तोंड करून काढले होते. तिथून त्याचा डावा हात आणि मी एकाच बाजूला असतो. त्या दुपारी मात्र तो मागून चढला. त्याचे तोंड मैदानाकडे होते आणि डाव्या हाताला उजवा होता. पाठीवरचे नाव वाचले असते तर कळले असते. पण पाठीवर ताईने शिवलेली खोळ होती, आणि घाईत असलेल्या माणसाने आपल्या हातावर भरवसा ठेवला.

ऊन उतरल्यावर आवाजाची चाचणी सुरू झाली. खोळींचे पदर वर गुंडाळले गेले. संयोजक बाई पुढच्या रांगेत, उजव्यासमोर उभ्या राहिल्या. बारक्या मिक्सरवर. मंचावर एका वादकाने गिटारची जाड तार छेडली, आणि खोल सुराबरोबर उजव्याच्या पोटातून फरफर निघाली, ओल्या कागदाने हवेत फडफडावे तशी.

"ताई!" बारक्या मिक्सरवरून ओरडला. "डावा फाटतोय बघ!"

वादकाने गोंधळून पुन्हा तार छेडली. पुन्हा फरफर. ती इतकी उघड उजवीकडून येत होती, की खुर्च्या मांडणाऱ्या माणसानेही तिकडे मान वळवली.

"डावा?" संयोजक बाई म्हणाल्या. "अहो, माझ्या तर इथे कानाशी फरफरतंय. हा उजवा ना?"

मामा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभे होते. "बारक्या, उन्हात टोपी घाल म्हटलं होतं की नाही! डावं-उजवं कळेना झालंय लेकाला."

सुतार हसले. वादकही हसला. ताई हसली नाही.

तिचे लक्ष कशाकडे होते, ते मी सांगू शकतो, कारण इतक्या वर्षांत तिचे काम मी जवळून पाहिले होते. आवाज बिघडला की बारक्या आधी एक बाजू बंद करतो, दुसरी ऐकतो, मग पहिली ऐकतो, आणि त्यानंतरच तोंड उघडतो. आज त्याने कोणतीही बाजू बंद केली नव्हती. त्याने ऐकलेच नव्हते. वाक्य आधीपासून तयार होते. फक्त फरफर होण्याची वाट होती.

ताई मंचावर आली. उजव्याची जाळी काढून तिने कडेवरून बोट फिरवले. सारे स्क्रू सैल, आणि सारखेच सैल. सकाळी तिनेच तपासलेले. ती उठून उभी राहिली, मागच्या शिडीकडे तिने एकदा पाहिले, मग मैदानाकडे तोंड केले. तिचा डावा हात किंचित उचलला गेला, उजव्याच्या दिशेने. मग तिने ताडपत्रीखालच्या नव्या पेट्यांकडे पाहिले, आणि सर्वांत शेवटी दूर मिक्सरमागे उभ्या असलेल्या भावाकडे.

बारक्याने मान खाली घातली नव्हती. त्याला ते सुचलेही नसावे. तो नुसता बघत होता.

आता ती बोलेल, असे मला वाटले. स्क्रू दाखवेल. 'डाव्याला काही झालेले नाही' असे म्हणेल. माझी बाजू मांडणारे त्या मैदानावर दुसरे कोणी नव्हते.

"ताई, काय झालंय नेमकं?" संयोजक बाईंनी खालून विचारले. त्या बारक्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती मला आवडली नाही. फोनवरचे त्याचे वाक्य त्यांना आठवले असावे. आवाजाच्या माणसाला डावे-उजवे कळत नसेल तर लोक हसतात. पण त्याने स्वतःच पेटी बिघडवली असेल, तर पुन्हा कोणीही त्याला मिक्सरला हात लावू देत नाही.

ताईने जाळी जागेवर बसवली.

"बारक्याचं बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "फाटतोय तो डावाच."

"पण आवाज तर..."

"उजव्यातून येतोय, हो. पण मूळ दुखणं डाव्यात आहे. दोघांच्या वायरी एकाच ठिकाणी मिळतात ना, मग एकाचा त्रास दुसऱ्यात उमटतो. सहजासहजी कळत नाही ते. त्याचा कान तयार आहे, म्हणून कळलं."

हे सारे खोटे होते. दुसऱ्याचा त्रास असा आमच्यात उमटत नाही. ताईइतके हे कोणाला ठाऊक असणार? आवाजाच्या बाबतीत ती आयुष्यात कधी खोटे बोलली नव्हती. महोत्सवात मोठमोठ्या गायकांनाही तिने 'तुमचा सूर उतरतोय' असे तोंडावर सांगितले होते. त्यामुळे संयोजक बाईंनी मान डोलावली. सुतारांनी मान डोलावली. मामांनी तर बारक्याकडे पाहून कान पकडले.

"मग आता? उजवा एकटा..."

"एकट्याने मैदान भरत नाही. तुमच्या त्या नव्या पेट्या आहेत ना तिकडे, त्या टांगा." ताई थांबली. "जोडी धड राहिली नाही, मॅडम. तुमचा शब्द संपला. तुम्ही मोकळ्या."

आणि ती माझ्याजवळ आली. भावाचा कान खरा ठरवायचा, तर डावा खोटा ठरायलाच हवा. यात तिसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकतो. समजणे आणि मनाला न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारक्याने घात केला तेव्हा मला राग आला होता. तो घात परका होता. बारक्याने मला घडवले नव्हते. ताईने माझी वायर स्वतःच्या हाताने काढली. काढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

महोत्सव झाला. मी मंचामागे रिकाम्या खोक्यांत पडून होतो. इतकी वर्षे मैदानाकडे तोंड करून काढलेली, त्यामुळे तो समारंभ पाठीमागून ऐकायची ती पहिलीच वेळ. प्रामाणिकपणे सांगतो, आवाज उत्तम होता. नव्या पेट्या चांगल्या होत्या आणि बारक्याचा हात त्याहून चांगला होता. ताई माझ्या शेजारी एका खोक्यावर बसून होती. टाळ्या पडल्या की तीही वाजवी.

घरी परतल्यावर बारक्या खोलीत आला. ताई खोळींच्या घड्या घालत होती.

"ताई, मी..."

"आवाज छान लागला होता," ती म्हणाली. "शेवटच्या गाण्याला जरा चढा होता. तेवढं बघ पुढच्या वेळी."

"बघतो." तो माझ्याकडे वळला. "डावा दुरुस्त करून घेऊ या का? मी करतो."

"नको. फाटलेला शंकू सांधून भागत नाही."

"बदलू मग."

"बारक्या," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली, "तो फाटलाय, असं तू म्हणालास, मीही म्हणाले. आता ते तसंच राहू दे."

त्या क्षणी माझा निकाल लागला. मी दुरुस्त होऊ शकत नाही, कारण मी बिघडलेलो नाही. आणि मी वाजू शकत नाही, कारण वाजलो तर सारे उघडे पडेल. या घरात बहीण-भाऊ एकमेकांशी बोलते राहायचे असतील, तर मला गप्प राहणे भाग आहे.

उजव्याचे स्क्रू दुसऱ्याच दिवशी आवळले गेले. लहानसहान सभांना, बक्षीस समारंभांना तो एकटा जातो. परत येतो तेव्हा त्याच्या अंगाला बाहेरच्या मैदानांचा वास असतो. त्याने मला काही विचारले नाही आणि मी त्याला काही सांगितले नाही.

माझ्यावर आता रंगाचे डबे, एक इस्त्री आणि जुन्या वायरींचा गुंता आहे. कोणी पाहुणा आलाच तर पाणी पिऊन पेला माझ्यावर ठेवतो. पाण्याचे एक वर्तुळ माझ्या काळ्या रंगावर उमटले आहे. पूर्वी ताईने ते लगेच पुसले असते.

मध्यंतरी एका दुपारी मात्र एक गोष्ट घडली. बारक्या दौऱ्यावरून यायचा होता. ताई खोलीत आली, तिने दार लोटले आणि माझ्यावरचे डबे एकेक करून खाली ठेवले. विजेरीतला एक सेल काढला. वायरीचे छोटे तुकडे माझ्या पाठीमागच्या खुंट्यांना लावून तिने त्यांची टोके सेलला टेकवली.

शंकू हलला. 'थप्'.

एवढाच आवाज. स्वच्छ, कुठेही न फाटलेला. तिने टोके उचलली, पुन्हा टेकवली. 'थप्'. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने तळवा माझ्या जाळीवर ठेवला. काही बोलेल असे वाटले. ओठ हललेही होते.

"काय वाजलं गं?" दारात बारक्या होता, खांद्याला बॅग, चौकटीखाली वाकलेला.

"काही नाही. खिडकी."

त्याची नजर तिच्या हातातील सेलवर गेली, मग वायरीवर, मग माझ्यावर. खिडकी बंद होती. ती त्याला दिसत होती आणि त्याला दिसते आहे हे तिलाही दिसत होते.

"वारा सुटलाय," तो म्हणाला.

"हो."

मग त्याने बॅग खाली ठेवली, आणि ताईने उतरवलेले रंगाचे डबे दोघांनी मिळून पुन्हा माझ्यावर रचले. ती एक देई, तो एक ठेवी. इतके जपून, की एकाही डब्याचा आवाज झाला नाही.

ऊन पुन्हा तापू लागले आहे. काल बारक्या ताईला म्हणाला, "यंदा तू काम करायचं नाहीस. पुढच्या रांगेत बसायचं, मधोमध. तिथूनच खरा आवाज कळतो." ताई म्हणाली, "येईन." नवी साडी काढून ठेवली आहे तिने. मामांचा टेम्पोही सांगितला आहे, पण त्यात छोट्या मंचावर जाणाऱ्या उजव्यापुरतीच जागा लागणार आहे.

जा, ताई. मला तुझ्याकडून न्याय नको आहे. तो दिलास तर कोण मोडून पडेल, ते मी त्या मैदानावर पाहिले. दुरुस्तीही नको. मधोमध बस आणि ऐक. तो चांगला वाजवतो.

फक्त एवढे कर. तिथे जुनी माणसे भेटतील. संयोजक बाई असतील, ते सुतार असतील. त्यांतले कोणीतरी सहज विचारेल, 'ताई, तुमचा डावा कुठे आहे हो?' तेव्हा तो फाटला, असे पुन्हा म्हणू नकोस.

घरी आहे, म्हण. तेवढे खरे आहे.